मतपत्रिकेतील पक्षाची खूण : मराठवाड्याच्या अनुभवाच्या संदर्भात

मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाबरोबर त्याच्या पक्षाची खूण असावी की नसावी, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून उपस्थित होत असतो. श्री. अण्णा हजारे यांनी तो अनेकदा मांडला. मूळ राज्यघटनेत 'राजकीय पक्ष' या संस्थेचा उल्लेख नाही, घटनेने निवडणुकीस उभे राहण्याचा अधिकार व्यक्तीला दिला आहे, सबब मतपत्रिकेवर व्यक्तीचे नाव पुरेसे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. मतदानयंत्रावरील पक्षचिन्हे काढून टाकावीत व त्यांच्या जागी उमेदवाराचे वय, शिक्षण आणि छायाचित्र द्यावे, अशी मागणी करणारी एक याचिका सर्वोच्च न्यायालयापुढेही आली होती. १ नोव्हेंबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. न्यायालयात वाद संपला तरी विचारात तो संपलेला नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांशी बोलताना प्रस्तुत लेखकास असे आढळले की, पक्षचिन्ह काढल्याने पक्ष जाईल अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत आहे. ती कितपत टिकते हे पाहण्यास मराठवाड्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे खुणा आणि नावे यांच्याकडे त्याचे लक्ष प्रथम जाते, हे आरंभीच सांगून ठेवतो.

घटनेविषयीचे विधान अंशतः खरे आहे. १९८५ च्या बावन्नाव्या दुरुस्तीने दहावे परिशिष्ट जोडले जाईपर्यंत राजकीय पक्षाला घटनेत स्थान नव्हते. परंतु मतपत्रिकेविषयी मात्र एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. आपल्या मतपत्रिकेवर पक्षाचे नाव छापलेलेच नसते. उमेदवाराचे नाव, त्याचे चिन्ह आणि २०१५ पासून त्याचे छायाचित्र, एवढेच तिथे असते. अपवाद टपाली मतपत्रिकेचा. तीत चिन्हाऐवजी पक्षाचे नाव देण्याची पद्धत आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर मतपत्रिका याहूनही मुकी होती. १९५१-५२ मध्ये प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, तिच्यावर चिन्ह चिकटवलेले असे, आणि मतदार कोरी म्हणावी अशी एकसारखी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकी. साक्षरतेचे प्रमाण अठरा टक्क्यांच्या आसपास असलेल्या देशात हीच रीत शक्य होती. १९५७ मध्येही ती चालली. मतपत्रिकेवर नावे आणि चिन्हे छापून त्यांवर शिक्का मारण्याची पद्धत त्यानंतरच्या काही निवडणुकांत आजमावली गेली आणि १९६२ मध्ये सर्वसाधारण झाली. म्हणजे खूण आधी आली, नाव मागाहून.

आणखी एक बारकावा आहे. १९९६ पासून उमेदवारांची यादी सरसकट वर्णानुक्रमाने लावली जात नाही. मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, नोंदणीकृत पण अमान्य पक्षांचे नंतर, उरलेले शेवटी, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम, अशी मांडणी आहे. चिन्ह झाकले तरी नावाच्या क्रमावरून पक्षाची जात ओळखता येते! तेव्हा 'पक्ष काढून टाका' या मागणीचा अर्थ चिन्ह आणि क्रम ही दोन्ही काढा, असा घ्यावा लागतो.

चिन्ह हे केवळ निरक्षरांसाठी केलेली सोय होती असे मानणे बरोबर नाही. ते लोकभाषेत पक्षाचे नावच बनले. मराठवाड्यातील वृद्ध माणसे अजून बैलजोडीच्या, गाय-वासराच्या आणि पंजाच्या काळाबद्दल बोलतात आणि हे तीन शब्द एकाच पक्षाच्या इतिहासाचे तीन टप्पे आहेत हे ऐकणाऱ्यास न सांगता समजते. बैलजोडी १९६९ च्या फुटीपर्यंत, पंजा १९७८ पासून. आपल्या राजकीय परिभाषेतील काही शब्द मात्र या विषयावर नकळत प्रभाव पाडतात. इंग्रजीत ज्याला स्वतंत्र उमेदवार म्हणतात त्याला आपण 'अपक्ष' म्हणतो. मूळ शब्दात स्वातंत्र्याचा गुण आहे, मराठी शब्दात केवळ अभाव आहे. उलट 'निष्पक्ष' हा शब्द न्यायाधीशाला, पंचाला, परीक्षकाला लावावयाचा; त्यात न्यायबुद्धीची प्रशंसा आहे. 'पक्षविरहित निवडणूक' असे म्हणताना श्रोत्याच्या मनात 'निष्पक्ष निवडणूक' हा अर्थ उमटतो आणि पक्ष नसलेली व्यवस्था आपोआप न्यायी ठरते. ज्या निवडणुकीत पक्ष नाही तीत पक्षपात नसतो असे कोणी सरळ विचारले तर कोणीही मान्य करणार नाही. पण शब्दाने ते मान्य करून घेतलेले असते.

मराठवाड्याच्या इतिहासात पक्षाचे नाव ही किरकोळ बाब कधीच नव्हती. हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसच्या स्थापनेची घोषणा झाली, आणि ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच सप्टेंबर १९३८ मध्ये तिच्यावर बंदी आली. निजाम सरकारच्या आक्षेपांत त्या नावाचा आक्षेप मोठा होता. 'काँग्रेस' या शब्दाने संस्थानाबाहेरील चळवळीशी नाते सूचित होते. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. पुढे नाव बदलण्याच्या वाटाघाटी झाल्या, 'नॅशनल कॉन्फरन्स' या पर्यायाचाही विचार झाला; तरीही बंदी उठण्यास जुलै १९४६ उजाडावा लागला. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंग पत्करला त्याचे एक कारण, लोकांनी आपल्या संघटनेला हव्या त्या नावाने उघड ओळखावे, हे होते.

याच काळात संस्थानाने प्रतिनिधित्वाची जी योजना पुढे आणली ती या लेखाच्या विषयाशी अगदी जवळची आहे, आणि तिचा अभ्यास व्हावा तितका झालेला नाही असे वाटते. १९३७ मध्ये नेमलेल्या अरवमुदू अय्यंगार समितीने प्रादेशिक मतदारसंघांऐवजी हितसंबंधांवर आधारलेले प्रतिनिधित्व सुचवले. जहागीरदार, पट्टेदार, कुळे, मजूर, व्यापारी, वकील, वैद्य अशा वर्गांनी आपापले प्रतिनिधी पाठवावेत, अशी ती कल्पना. १९३९ च्या सुधारणांत तिचा स्वीकार झाला. कागदावर ही योजना पक्षविरहित होती. तिच्यात राजकीय मताला जागा नव्हती, व्यवसायाला आणि धर्माला मात्र होती. पक्ष नाकारला की मतदाराची ओळख दुसऱ्या कशावर तरी उभी करावी लागते, याचा हा संस्थानी दाखला होय.

संस्थान विलीन झाल्यानंतर झालेल्या पहिल्या निवडणुकीतही नावाचा पेच सुटला नव्हता. कम्युनिस्ट पक्षावर हैदराबाद राज्यात बंदी असल्यामुळे त्याचे कार्यकर्ते 'पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट' या नावाने १९५२ मध्ये उभे राहिले. नलगोंड्यातून रवी नारायण रेड्डी प्रचंड मतांनी लोकसभेवर गेले. राज्य विधानसभेत विरोधी पक्षाचे नेतेपद व्ही. डी. देशपांडे या मराठी भाषक कम्युनिस्ट नेत्याकडे आले. नाव बंद होते, पक्ष बंद नव्हता, आणि मतदाराला ते पुरेपूर ठाऊक होते.

पक्षविरहित लोकशाहीचा विचार करणारी माणसे सामान्य नव्हती. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४८ च्या अखेरीस आपला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष स्वतःच विसर्जित केला. जयप्रकाश नारायण यांनी १९५९ मध्ये राज्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेचा प्रबंध लिहिला. विनोबांनी खेड्यातील निवडणूक एकमताने व पक्षाविना व्हावी असा आग्रह धरला. विनोबांची भूदानयात्रा १९५१ मध्ये ज्या पोचमपल्लीत सुरू झाली ते गाव तेव्हाच्या हैदराबाद राज्यातच होते. रॉयवादाचा महाराष्ट्रातील विचारवंतांवर झालेला परिणाम वाचकांस माहीत आहे. या सर्वांच्या विचारात खेडे हे एक सजीव कुटुंब आहे असे गृहीत धरलेले आढळते. डॉ. आंबेडकरांना ते गृहीत मान्य नव्हते. १९३२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना आणि पुन्हा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा की, ज्या गावात अल्पसंख्य दलित बहुसंख्यांच्या मर्जीवर जगतो तेथे गावाचे 'एकमत' हे सबळांचेच मत असते. या दोन भूमिकांपैकी कोणती खरी, हे तत्त्वचर्चेने ठरण्यासारखे नाही. सुदैवाने महाराष्ट्रात प्रयोगच झालेला आहे.

तो प्रयोग म्हणजे ग्रामपंचायतीची निवडणूक. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली होणाऱ्या या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत. उमेदवारांना कपबशी, छत्री, शिट्टी, कपाट अशी मुक्त चिन्हे दिली जातात. १९६१ च्या कायद्याने आलेल्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्या मात्र पक्षचिन्हांवर लढवल्या जातात. हे सर्व राज्यांत असेच आहे असे नाही. पश्चिम बंगालने १९७८ पासून आणि केरळने खालच्या पायरीपर्यंत पक्षचिन्हे नेली. त्याच वर्षी अशोक मेहता समितीनेही पंचायतींच्या सर्व पातळ्यांवर पक्षांनी उघडपणे भाग घ्यावा अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राने ती ग्रामपंचायतीपुरती मानली नाही. त्यामुळे एकाच मतदाराला काही महिन्यांच्या अंतराने दोन भाषांत मत द्यावे लागते.

नायगावचे उदाहरण घेऊ. हा नांदेड जिल्ह्यातील तालुका. विधानसभेचा नायगाव मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेने अस्तित्वात आला. कै. वसंतराव चव्हाण १९७८ मध्ये नायगाव ग्रामपंचायतीचे सरपंच झाले, अर्थात पक्षचिन्हाविना. पुढे ते पक्षचिन्हावर लढवल्या जाणाऱ्या जिल्हा परिषदेत गेले. २००९ मध्ये नव्या मतदारसंघाचे पहिले आमदार म्हणून निवडून आले ते अपक्ष. २०१४ मध्ये काँग्रेसचे उमेदवार म्हणून. आणि २०२४ मध्ये त्याच पक्षाच्या चिन्हावर नांदेडचे खासदार झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. एका माणसाच्या सार्वजनिक आयुष्यात मतपत्रिकेवरील खुणेचे सगळे प्रकार येऊन गेले. यावरून कोणी असे म्हणेल की मते व्यक्तीला पडतात, खुणेला नव्हे. तसे म्हणता येईल. परंतु असेही म्हणता येईल की, ज्याला घराणे, गावकी आणि जुना लौकिक आहे त्यालाच खुणेविना निवडून येणे परवडते; ज्याच्याजवळ यांतले काही नाही त्याला खूण हेच भांडवल असते. प्रस्तुत लेखकाचा कल या दुसऱ्या म्हणण्याकडे आहे. खुद्द नायगाव आता नगरपंचायत आहे. जेथे पूर्वी मुक्त चिन्हांवर सदस्य निवडले जात, त्याच गल्ल्यांत आता पक्षचिन्हे लागतात. गावातील माणसे बदलली नाहीत, संस्थेचे नाव बदलले.

ग्रामपंचायतीत पक्षाच्या नावाची रिकामी जागा कशाने भरून निघते? त्याला उत्तर आहे 'पॅनल'. हा शब्द इंग्रजी, पण आता गावोगाव इतका रुळला आहे की त्याचा परकेपणा कोणाला जाणवत नाही. ग्रामविकास पॅनल, शेतकरी विकास पॅनल, परिवर्तन पॅनल ही नावे पाहावीत. सत्तेवर असलेल्यांचे बहुधा 'विकास', सत्तेबाहेरच्यांचे 'परिवर्तन'. याखेरीज या नावांत दुसरा अर्थ शोधणे व्यर्थ. पक्षाच्या नावात निदान एखादा इतिहास, एखादा जाहीरनामा, एखादे जुने भांडण असते. पॅनलच्या नावात यांपैकी काही नाही, आणि पाच वर्षांनी तेच नाव विरुद्ध गटाच्या माथी दिसले तर कोणी हरकत घेत नाही. शिवाय मतपत्रिकेवर पॅनलचेही नाव नसते. एकाच पॅनलच्या उमेदवारांच्या वाट्याला निरनिराळी चिन्हे येऊ शकतात, आणि प्रभागातील प्रत्येक जागेचे मत वेगळे द्यावे लागत असल्यामुळे मतदाराला तीन-तीन, चार-चार खुणा पाठ करून जावे लागते.

निवडणुकीच्या कामावर अध्यापकांना जावे लागते, तसे प्रस्तुत लेखकही एकदा तालुक्यातील एका गावी मतदान अधिकारी म्हणून गेला होता. एक वृद्ध बाई शाई लावून घेता घेता विचारती झाली, "बाबा, आपल्या पार्टीची निशाणी कोन्ती हाय ह्यात?" सांगण्याची मनाई असल्याने तिला आत जाण्यास सांगितले. ती यंत्रापुढे बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "समदीच नवी हायत. पोरानं सांगितलं व्हतं, ध्यानात राहिलं न्हाई." तिला पक्ष माहीत होता, उमेदवार तर शेजारचेच होते, तिला ठाऊक नव्हता तो या दोहोंना जोडणारा दुवा, आणि तो सांगण्याचे काम मुलाकडे होते. चिन्ह काढल्याने मतदार स्वतंत्र होतो असे म्हणणाऱ्यांनी या मुलाचा विचार करावा. जे ज्ञान कागदावर सर्वांना सारखे उपलब्ध होते ते आता सांगणाऱ्याच्या हाती जाते.

रिकाम्या जागी केवळ पॅनलच येते असे नाही. भावकी येते, जात येते, पैसाही येतो. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत देवळाच्या कामासाठी सरपंचपदाची जाहीर बोली लावण्यात आली, आणि राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणुका रद्द केल्या. या लिलावात पक्षाचा संबंध नव्हता. गावाचे 'एकमत' होते. पक्षचिन्हावरील निवडणुकांत पैसा वाहत नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. येथे नोंदवावयाचे ते इतकेच की, पक्ष वगळल्याने गाव शुद्ध होत नाही.

दुसरा परिणाम कायद्यातला आहे. स्थानिक संस्थांतील पक्षांतराला आळा घालणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९८६ चा. तो नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांच्या सदस्यांना लागू आहे. ग्रामपंचायतीच्या सदस्याला तो लागू नाही, आणि होणार तरी कसा? ज्याने कोणत्याही पक्षाची खूण घेतलेली नाही त्याने पक्ष सोडला हे कोणत्या कागदावरून सिद्ध करावयाचे? निवडून आल्यावर गट बदलणे हा ग्रामपंचायतीतील नित्याचा व्यवहार आहे, आणि मतदाराला त्याविरुद्ध दाखवण्यास हाती काही नसते.

इतर देशांचा अनुभव थोडक्यात पाहू. ब्रिटनमध्ये १८७२ पासून जवळजवळ शंभर वर्षे मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव, पत्ता व व्यवसाय एवढेच असे. पक्षाचे वर्णन छापण्याची मुभा १९६९ मध्ये मिळाली. त्या शंभर वर्षांत ब्रिटनमधील पक्ष दुबळे झाले असे कोणी म्हणत नाही. वर्णन छापू लागल्यावर मात्र तेथे भाषेचा खेळ सुरू झाला. १९९४ च्या युरोपीय निवडणुकीत एका उमेदवाराने स्वतःस 'लिटरल डेमोक्रॅट' म्हणवून १०,२०३ मते मिळवली आणि 'लिबरल डेमोक्रॅट' उमेदवार ७०० मतांनी पडला. १९९८ मध्ये ब्रिटनने पक्षनोंदणीचा कायदा केला. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याचे विधिमंडळ १९३६ पासून पक्षनामाविना निवडले जाते. तरी तेथील सदस्यांचे पक्ष जाणकारांना ठाऊक असतातच. जाणकारांना, हा शब्द महत्त्वाचा.

खुणेच्या गोंधळाचा अलीकडचा मराठी दाखला तर अधिक उद्बोधक आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत 'तुतारी वाजवणारा माणूस' हे एका पक्षाचे चिन्ह होते. मुक्त चिन्हांच्या यादीतील 'ट्रम्पेट' या वाद्याचे मराठी भाषांतर 'तुतारी' असे झालेले होते. साताऱ्यात ही 'तुतारी' मिळालेल्या अपक्षास ३७,०६२ मते पडली, आणि त्या पक्षाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला. त्या अपक्षाची सगळी मते चुकून पडली असे सिद्ध करता येत नाही. पण एका शब्दाच्या भाषांतरावर मतदारसंघ हेलकावे खाऊ शकतो, हे ध्यानात घ्यावे. यावर उपाय म्हणून काही जण चिन्हेच नकोत म्हणतील. प्रस्तुत लेखकास उलट वाटते: चिन्हाशेजारी पक्षाचे नाव स्पष्ट अक्षरांत छापलेले असते तर 'तुतारी'चा घोटाळा बराच कमी झाला असता. टपाली मतपत्रिकेत जे चालते ते यंत्रावर का चालू नये, याचे समाधानकारक कारण आढळत नाही.

विरुद्ध बाजूस काही तथ्य नाही असे नव्हे. ग्रामपंचायतीत परस्परविरोधी पक्षांचे कार्यकर्ते पाण्याच्या टाकीसाठी एकत्र येतात, हे आपण पाहतो. मुंबई-दिल्लीतील फाटाफूट गावात जशीच्या तशी उतरत नाही, हाही लाभच. २०२२ नंतरच्या पक्षफुटींत एकच नाव सांगणारे दोन-दोन पक्ष उभे राहिले, तेव्हा गावांना या वादातून अलिप्त राहता आले हे खरे. प्रस्तुत लेखक या लाभांचे मोल कमी करू इच्छित नाही. तथापि त्यांची जी किंमत दिली जाते ती इतिहासाच्या अभ्यासकाने विशेषतः जाणली पाहिजे.

जानेवारी २०२१ मध्ये राज्यातील १४,२३४ ग्रामपंचायतींचा निवडणूक कार्यक्रम झाला. डिसेंबर २०२२ मध्ये ७,७५१ ग्रामपंचायतींचा, त्या वेळी सरपंचही थेट निवडले गेले. (थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परतली.) दोन्ही वेळी निकालाच्या संध्याकाळी मोठ्या पक्षांनी आपापल्या विजयी ग्रामपंचायतींचे आकडे जाहीर केले, आणि एकाच गावावर दोन-दोन पक्षांनी हक्क सांगितला. यांपैकी कोण खरे, हे आज सांगता येत नाही आणि उद्याही येणार नाही, कारण अधिकृत निकालपत्रात पक्षाचा रकानाच नाही. १९५२ च्या निवडणुकीत मतपत्रिका कोरी होती, पण निकालाच्या अहवालात उमेदवारापुढे पक्ष लिहिलेला होता. म्हणून त्या निवडणुकीचा इतिहास लिहिता येतो. महाराष्ट्रातील ग्रामीण सत्तेच्या सर्वांत खालच्या पायरीचा इतिहास मात्र, पक्षांच्या दृष्टीने, अनामिक राहिला आहे. शंभर वर्षांनी नायगाव तालुक्यातील एखाद्या गावाचे राजकारण अभ्यासू पाहणाऱ्यास नावे मिळतील, मते मिळतील, कपबशी आणि छत्री मिळेल. कोण कोणाच्या बाजूचा होता हे मिळणार नाही.

ही उणीव कायदा बदलेपर्यंत थांबून भरून काढावी असे नाही. पॅनलांची हस्तपत्रके अजून उपलब्ध आहेत. ती निवडणूक संपताच रद्दीत जातात; तालुक्याच्या छापखान्यांत त्यांचे नमुने काही दिवस राहतात, मग तेही जातात. आमच्या विभागातील काही विद्यार्थ्यांनी गेल्या निवडणुकीनंतर अशी काही पत्रके जमवली. त्यांतील एक प्रस्तुत लेखकापुढे आहे. वरच्या ओळीत शिवाजी महाराज व डॉ. आंबेडकर यांची चित्रे, त्याखाली लहान आकारात एका पक्षाच्या तीन नेत्यांची छायाचित्रे, मध्यभागी 'ग्रामविकास पॅनल' ही मोठी अक्षरे, आणि खाली नऊ उमेदवार व त्यांची चिन्हे. पत्रकात पक्षाचे नाव कोठेही नाही. मागील बाजूस कोणीतरी पेन्सिलीने प्रत्येक उमेदवारापुढे एकेक अक्षर लिहिले आहे. सहा ठिकाणी एक, दोन ठिकाणी दुसरे, आणि एका ठिकाणी प्रश्नचिन्ह.